कोळ्यांचा पाटील

वरळीच्या बीडीडी चाळीतून वरळी कोळीवाड्यात चालत जायला पाऊण तास पुरतो. तरी चाळीतली बहुतेक माणसं तिकडे जातात ती मासळीसाठी, नाहीतर गोल्फादेवीला कौल लावायला. एरवी कोळीवाडा म्हणजे बेस्टच्या बसवरची 'वरळी गाव' ही पाटी. त्या बसमधून टोपल्या घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बायकांना मावशी म्हणत आम्ही मोठ्या झालो. या मावशांचं गाव आमच्या चाळीहूनच काय, मुंबई शहराहूनही जुनं आहे, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. शाळेत शिकवलं ते १६६१ सालचं पोर्तुगीज राजकन्येचं आंदण आणि १६६८ साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेली सात बेटं. बेटांवर माणसं राहत होती की नाही, यावर परीक्षेत प्रश्न नसायचा.

या वेळी मी निघाले ती निराळ्याच कारणाने. सिडनीच्या मूळ रहिवाशांविषयी वाचताना बंगारी नावाचा माणूस भेटला. १८०२-०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजातून त्याने सगळ्या ऑस्ट्रेलियाला वळसा घातला. अनोळखी किनाऱ्यांवर आधी उतरून तिथल्या जमातींशी बोलणी लावायची, हे त्याचं काम. पुढे १८१५ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने त्याच्या गळ्यात चंद्रकोरीच्या आकाराचा धातूचा बिल्ला अडकवला. 'ब्रोकन बे टोळीचा प्रमुख' असं त्यावर कोरलेलं होतं. टोळीने त्याला प्रमुख केलं होतं का, हे विचारायची मॅक्वारीला गरज वाटली नाही. नंतर असे बिल्ले त्या देशात बऱ्याच जणांच्या गळ्यात पडले. वाचता वाचता वाटलं, आपल्याकडे हा बिल्ला कुणाला मिळाला असेल? मुंबईच्या कोळ्यांचा पुढारी कुणी ठरवला? आणि ज्यांच्याविषयी विचारायचं ते गाव पाऊण तासावर असताना घरात पुस्तक धरून बसणं काही बरं दिसेना.

"कोळीवाड्यात बघायचंय काय?" आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "बांगडा स्वस्त असला तर आण."

निघण्याआधी चाळीविषयी चार गोष्टी सांगायला हव्यात. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत कामगाराला पाठ टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं उघडलं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात साडेसोळा हजारांच्या आसपास गाडी थांबली. नायगाव, डिलाईल रोड, शिवडी आणि वरळी अशा चार ठिकाणी या चाळी झाल्या. त्यात वरळी सगळ्यांत मोठी, १२१ इमारती. तळमजल्यावर तीन मजले, इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. भिंती मात्र अशा की खिळा ठोकायचा तर हातोडीच वाकेल. कामगारांसाठी बांधलेल्या या खोल्यांत सुरुवातीला कामगारच येईनात, कारण भाडं परवडत नव्हतं आणि गिरण्या लांब पडत होत्या. मग सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने इथे तुरुंग केला आणि सत्याग्रही कोंडले. माझे आजोबा खेडहून गिरणीत आले आणि इथे खोली मिळवून राहिले, ते त्यानंतर.

याच खात्याकडे त्या वेळी दुसरंही एक काम होतं, बॅक बेच्या समुद्रात भराव घालण्याचं. ११४५ एकर जमीन समुद्रातून काढायची, आठ तुकडे पाडायचे आणि विकून पैसा करायचा. उपसलेला गाळ टिकेना, खर्च वाढत गेला, बॅरिस्टर खुर्शेद नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. आठांपैकी चार तुकडेच भरून झाले. या सगळ्या उद्योगाला मुंबईकरांनी लॉइडसाहेबांचा मूर्खपणा असं नाव ठेवलं. आमच्या खोलीचा कागद आणि समुद्र बुजवायचा कागद एकाच कचेरीतून निघाला, हे मला फार उशिरा कळलं. चाळीत आम्ही खात्याला नावं ठेवायचो ती संडासावरून. समुद्राचं काय झालं, हा आमचा विषय नव्हता.

पुढारी कसा तयार होतो, हे मात्र बीडीडीने अगदी जवळून पाहिलंय. ५ जानेवारी १९७४ ला इथे दलित पँथरची सभा झाली. राजा ढाले, नामदेव ढसाळ यांची भाषणं, मग दगडफेक, पोलिसांच्या लाठ्या आणि नंतर चाललेली दंगल. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण मारला गेला. चाळीतले जुने लोक अजून इमारतींच्या नंबरांवरून ते दिवस सांगतात, कोणत्या गच्चीवरून काय आलं आणि कुणी कुणाला आपल्या खोलीत लपवलं. पँथरच्या त्या पोरांना कुणी नेमलं नव्हतं. त्यांच्या गळ्यात बिल्ला नव्हता. सत्तेने त्यांच्याशी बोलायचं की नाही, हा सत्तेचा प्रश्न होता. लोक त्यांच्याशी आधीच बोलत होते.

आता जांबोरी मैदानाच्या आसपास जुन्या चाळी पडताहेत आणि चाळीस मजली इमारती उभ्या राहताहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं एकशे साठ फुटांत काढलेल्या माणसांना मिळालेलं घर आहे ते, त्याची टिंगल करणारी मी नव्हे. तिथे राहायला गेलेल्या एका मैत्रिणीने खिडकीतून समुद्र दिसतो म्हणून फोन केला होता. चाळीच्या गॅलरीतून समोरच्या चाळीची गॅलरी दिसायची.

वरळी नाक्यावरून थडानी मार्गाने उतरलं की सी फेस. पूर्वी कठड्यावर बसलं की पाय पाण्याच्या दिशेला लोंबायचे आणि उधाणाच्या दिवशी अंगावर लाट यायची. आता कठडा आणि पाणी यांच्यामध्ये कोस्टल रोड आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा याच रस्त्यावर उभा आहे. त्याला कुणी काही विचारलं नसणार, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

या किनाऱ्याला भराव नवा नाही. दक्षिणेला, वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून एके काळी भरतीचं पाणी थेट आत शिरायचं आणि बेटांच्या मधला सखल भाग बुडवायचं. १७८४ च्या सुमाराला गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधाने ते तोंड बंद झालं. महालक्ष्मीच्या देवळाची कथा त्याच बांधाची. बांध पुन्हा पुन्हा ढासळायचा, मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला. कथा सांगणारे काही जण असंही सांगतात की मूर्ती वर आल्या त्या कोळ्यांच्या जाळ्यात. रामजींचं नाव राहिलं. जाळं कुणाचं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. बांधामुळे जमीन मिळाली आणि मुंबई एकसंध झाली हे खरंच. त्या तोंडातून आत-बाहेर करणाऱ्या होड्यांनी पुढे काय केलं, हे मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात आलं नाही.

तटरक्षक दलाची कचेरी मागे टाकून गावात शिरलं की रस्ता अरुंद होतो आणि वास बदलतो. सी फेसवर येतो तो खारा वारा, इथे येतो तो सुकटीचा. घरं एकमेकांना खेटून, मजल्यावर मजला चढवलेली. दोन घरांमधल्या बोळातून स्कूटर आणि माणूस एकदम जाऊ शकत नाहीत, पण बर्फाची लादी घेऊन धावणारा पोरगा जातो. मार्च २०२० च्या अखेरीला मुंबईत करोनासाठी सगळ्यांत आधी बंद केलेल्या वस्त्यांत हा कोळीवाडा होता. पत्रे ठोकून वाटा अडवल्या तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदा याचा नकाशा दाखवला गेला.

टोकाला किल्ला आहे. वरळीचा किल्ला पोर्तुगिजांचा असं सर्रास सांगतात, पण तो इंग्रजांनी १६७५ च्या सुमाराला बांधला, माहीमच्या आखातावर नजर ठेवायला. आत एक विहीर, मारुतीचं देऊळ आणि पोरांची व्यायामशाळा. बुरुजावरून एका बाजूला वांद्रे, दुसऱ्या बाजूला सी लिंकचे दोरखंड. मी तिथे बसले आणि पिशवीतलं टिपण काढलं, कारण मला हवं असलेलं उत्तर याच काळातलं आहे.

कोळ्यांची आपली व्यवस्था होती. प्रत्येक वाड्याचा पाटील, त्याच्या सोबतीला पंच, वरती सगळ्यांचा सरपाटील. सोनकोळ्यांचा सरपाटील अलिबागला राहायचा आणि जातीबाहेर टाकायचा किंवा परत घ्यायचा अधिकार त्याचा, असं जुन्या गॅझेटिअरात नोंदलंय. अलिबाग इंग्रजांच्या हद्दीबाहेर, पुढे तो आंग्र्यांचा मुलूख झाला. म्हणजे इंग्रजांच्या बेटावर राहणाऱ्या कोळ्याचा शेवटचा न्याय परक्याच्या दारात. हे कंपनीला मानवणारं नव्हतं. गव्हर्नर जेराल्ड आंजियरने १६७० च्या दशकात मुंबईतल्या ज्ञातींना आपापले प्रमुख ठेवायला आणि आपले तंटे आपसात मिटवायला मुभा दिली, तेव्हा त्यात उदारपणा होता तसा हिशेबही होता. पुढारी आपल्या हद्दीत असलेला बरा.

मग १६८९ साल उजाडलं. जंजिऱ्याचा सिद्दी याकुत खान शिवडीला उतरला, माझगाव आणि माहीम घेतलं आणि वर्षभर इंग्रजांना कोटात कोंडून ठेवलं. तो गेला तर रोगराई आली आणि कंपनीचे लोक पटापट मेले. १६९२ मध्ये सिद्दीच्या माणसांनी पुन्हा हात घातला तेव्हा कंपनीकडे लढायला माणूसच उरला नव्हता. त्या वेळी रुस्तुम दोराब या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभी केली आणि सिद्दीला हुसकून लावलं. बक्षीस म्हणून कंपनीने त्याला पाटीलकी दिली. कोळ्यांवरचा अधिकार, त्यांचे तंटे सोडवायचा हक्क, सगळं वंशपरंपरेने. त्याचा बाप दोराबजी नानाभाई पोर्तुगिजांच्या काळापासून मुंबईत होता आणि कोळ्यांवरचा डोईपट्टीसारखा कर वसूल करणं हे त्याच्याकडचं काम होतं. कर गोळा करणाऱ्याचा मुलगा कर भरणाऱ्यांचा पाटील झाला. लढले ते कोळी. त्यांतल्या एकाचंही नाव मी वाचलेल्या नोंदींत नाही.

रुस्तुम दोराबचं शौर्य मला कमी लेखायचं नाही. ऐनवेळी पळून न जाता उभा राहिलेला माणूस तो, आणि कोळी त्याच्या मागे गेले ते त्याच्यावर विश्वास असल्याशिवाय गेले नसतील. पण मॅक्वारीचा बिल्ला आणि कंपनीची पाटीलकी यांची जात एकच. वसाहत करणाऱ्याला मूळच्या लोकांशी बोलायला एक तोंड लागतं. ते तोंड आपलं ऐकणारं असावं, बाकी त्या लोकांना ते आपलं वाटतं की नाही, ही त्यांची घरगुती बाब. मुंबईत तर तो बिल्ला समाजाबाहेरच्या माणसाला दिला. बंगारीला निदान त्याच्याच लोकांत जन्मल्याचं समाधान होतं.

किल्ल्यावरून खाली आले तर धक्क्याजवळ बायकांचा घोळका बसला होता. मासळीचा ढीग जमिनीवर ओतलेला, भोवती पाटांवर चौघीजणी. मी एकीच्या हाताकडे बघत राहिले. ढिगात तिची बोटं शिरायची आणि न बघता वेगळं करायची. कोळंबी डाव्या टोपात, मांदेली उजव्या, खेकड्याची पिल्लं मागे, बोंबील मांडीजवळच्या ताटात. आणि दर दुसऱ्या मुठीला एक पाचवी गोष्ट निघत होती: वेफरचं पाकीट, दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी. ती बाजूला टाकताना तिच्या हाताची लय जरासुद्धा मोडत नव्हती. थोड्या वेळाने कचऱ्याचा ढीग मांदेलीच्या टोपापेक्षा मोठा दिसायला लागला.

"घेतेस का बघतेस?" तिने मान वर न करता विचारलं.

"घेते की, मावशी. मांदेली काय भावाने?"

"बीडीडीची ना तू? चाळीतली बाई आधी भाव विचारते." सगळ्या हसल्या. मग तिने सांगितलं की तिची सासू टोपली डोक्यावर घेऊन आमच्या चाळींत फिरायची, सातव्या चाळीच्या दारात बसून उधार द्यायची आणि पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकावर जाऊन वसूल करायची. "तुमच्या गिरण्या बंद झाल्या नि आमची उधारी बुडाली." गिरणी संपाच्या इतिहासावर मी बरीच भाषणं ऐकलीत. १९८२ चा हिशेब या बाजूने कुणी मांडलेला ऐकला नव्हता.

पैशाचा व्यवहार तिच्या हातात. होडी नवऱ्याची, पण डिझेलला पैसे ती देते, बर्फ ती घेते, भाव ती ठरवते. गावकीच्या बैठकीत बायका बसतात का, असं मी विचारलं. "बैठकीत पुरुष बसतात. काय बोलायचा ते घरून ठरवून जातात." पुन्हा हशा.

सिडनीच्या बंदरातही मासेमारी बायकांच्या हातात होती. झाडाच्या सालीच्या होडीत बसून, मांडीवर मूल आणि होडीतच मातीवर पेटवलेला विस्तव, अशा त्या गळ टाकायच्या. कॅमेरेगल जमातीची बॅरंगारू त्यांच्यातली. १७९० मध्ये गोऱ्यांनी जाळी लावून एका दिवसात हजारो मासे ओढले आणि त्यातले थोडे तिच्या नवऱ्याला, बेनेलाँगला, भेट म्हणून धाडले. ती भडकली. बंदरातला मासा कुणी किती काढायचा आणि कुणाला द्यायचा, हे ठरवणारी ती होती आणि आता तिलाच भेट येत होती. गव्हर्नरने बोलणी केली ती बेनेलाँगशी. त्याला इंग्लंडला नेलं, कोट घातला, चित्रं काढली. बॅरंगारूने इंग्रजी कपडे अंगाला लावून घेतले नाहीत. आज सिडनीत जुन्या गोद्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या उंच इमारतींच्या भागाला तिचं नाव दिलंय.

धक्क्यावर पुढे एक म्हातारे नाखवा जाळं सांधत बसले होते. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, ताण धरायला. फाटलेली चौकट दोन बोटांत धरून ते सुईने गाठ मारत होते आणि प्रत्येक गाठीनंतर अंगठा जरासा मागे घेत होते. त्या अंगठ्याला दोऱ्याने पडलेली खोबण होती, पेन्सिल ठेवता येईल एवढी. मी बाबा म्हणून हाक मारली आणि पुलाच्या खांबांचं विचारलं. त्यांनी सुई खाली ठेवली.

प्रकरण असं. कोस्टल रोड सी लिंकला जोडायचा, त्यासाठी समुद्रात पूल आला आणि पुलाला खांब आले. नेमके तिथे, जिथून कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातल्या होड्या आत-बाहेर करतात. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर. कागदावर साठ मीटर म्हणजे भलं मोठं. आठ-दहा मीटरची होडी त्यातून आडवी गेली तरी चालेल, असं कागद बघणाऱ्याला वाटणार. कोळ्यांनी सांगितलं, पुरत नाही. जाळं ओढून, माल भरून परत येणारी लहान होडी ओहोटीच्या ओढीत आणि बाजूच्या वाऱ्यात सरळ रेषेत येत नाही. ती वाहत येते, नाखवा तिला वळवत आणतो. खांब उभे राहिले की त्यांच्याभोवती पाण्याचा जोर वाढतो आणि भोवरे होतात. समोरून दुसरी होडी आली तर थांबायला समुद्रात जागा नसते. रात्री आणि पावसाच्या तोंडावर तर विचारायलाच नको.

"इंजिनेर बोलला, साठ मीटर लय झाला," नाखवा सांगत होते. "आमी बोललो, साहेब, होडीत या. उधाणाच्या दिवशी या, ओहोटीला. एक दिवस या."

"आले का?"

"आले. लाइफ जॅकेट घालून आले." ते पुन्हा जाळ्याकडे वळले. "पण आले."

त्यांनी निवेदनं दिली, अभ्यास समित्या आल्या, अहवाल आले. एका अहवालाने साठ पुरेसे म्हटलं की हे दुसऱ्या जाणकाराकडे जायचे. वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटीच्या माणसांनी होड्या घेऊन कामाच्या जागेवर जाऊन काम थांबवलं. एकदा नाही, वारंवार. हे सगळं चार-पाच वर्षं चाललं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. मधला एक खांब गळला. कोळ्यांची मूळ मागणी याहून मोठ्या अंतराची होती, ती सोडून त्यांनी हे घेतलं. रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मीही त्यावरून टॅक्सीने गेलेय आणि दहा मिनिटांत मरीन ड्राइव्हला पोचून खूश झालेय.

त्या लढ्यात पुढारी कोण होतं, असं विचारल्यावर नाखवांनी सोसायटीतल्या तीन-चार जणांची नावं घेतली, मग थांबून म्हणाले, "ज्याला पाण्याचा समजतो तो पुढं. बोलायला शिकलेला पोरगा पाठवला. पण काय बोलायचा ते पाण्यावरनं ठरला." मघाशी मावशी म्हणाली होती ते आणि हे, दोन्ही एकत्र लावून बघा. सव्वातीनशे वर्षांत कंपनीने, सरकारने, पक्षांनी कोळ्यांना पुष्कळ पाटील दिले. कोळ्यांनी सरकारकडून खांब हलवून घेतला तो त्यांच्यातल्याच, रोज त्या पाण्यातून जाणाऱ्या माणसांनी. आणि बैठकीत कोण बसलं यापेक्षा बसणारा घरून काय ठरवून गेला, हे मोलाचं ठरलं.

कागदावर मात्र हे लोक मूळचे ठरत नाहीत. डोंगरातले महादेव कोळी अनुसूचित जमातीत. त्यांचा राघोजी भांगरे इंग्रजांशी लढला आणि २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. अकोले तालुक्यातल्या देवगावचा तो माणूस, त्याच्या नावाने आज सभा होतात, पुतळे आहेत. किनाऱ्यावरचे सोनकोळी वेगळे. ते विशेष मागास प्रवर्गात. दोन समाज निराळे आहेत आणि ते एक आहेत असं भासवून कुणाचं भलं होणार नाही. पण मुंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या आधी कोण होतं, असं विचारलं तर उत्तर देणारा कुणी भेटत नाही. शहर ज्या देवीचं नाव सांगतं ती मुंबादेवी त्यांची. तिचं जुनं देऊळ कोटाच्या कामासाठी हलत हलत आत बाजारात गेलं, तसेच कोळीही हलले. भारतात 'आदिवासी' म्हणजे जंगलात राहणारा, अशी आपली समजूत सरकारी यादीने पक्की करून टाकलीय. समुद्र हेही कुणाचं तरी जंगल असू शकतं, हे त्या यादीला सुचलं नाही.

परतताना गोल्फादेवीच्या टेकडीवर गेले. साकबादेवी आणि हरबादेवी यांच्या मधोमध गोल्फादेवी. कौल लावणाऱ्यांची रांग होती. लग्न ठरेल का, नवी होडी घ्यावी का, घराचा सौदा करावा का. माझ्या पुढच्या बाईचा प्रश्न घराचाच होता. बिल्डरचा माणूस येऊन गेला होता म्हणे. कौल काय मिळाला ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हा बिल्डरचा माणूस आमच्या चाळीलाही ओळखीचा आहे, म्हणून शेवटी एक रोकडी गोष्ट लिहिते. बीडीडीत आमचं सोपं होतं. खोली मोजली, १६० फूट निघाली, तिच्या बदल्यात ५०० फूट ठरले. कोळ्याचं घर असं मोजता येत नाही. जाळी पसरायची मोकळी जागा, सुकट वाळवायच्या काठ्या, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते तेव्हा होड्या ओढून ठेवायचा किनारा, धक्क्यावरची मासळी निवडायची फरशी, हे सगळं त्याच्या घरात धरायला हवं. मुंबईत चाळीसच्या आसपास कोळीवाडे आहेत आणि त्यांच्या सीमांकनाचं काम सरकारदरबारी वर्षानुवर्षं रेंगाळलंय. मोजणी करायला जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी नुसत्या भिंती मोजू नयेत. आणि मोजताना हद्द दाखवायला नेमलेला पाटील नको, त्या धक्क्यावर बसणाऱ्या चौघी बायका सोबत घ्याव्यात.